आज्ञेला नाव देताना

गणित, भाषाशास्त्र आणि प्राच्यविद्या या विषयांचे ग्रंथ छपाईसाठी सिद्ध करण्याच्या व्यवसायात माझ्या आयुष्याचा बराच काळ गेला असल्यामुळे, लेखकाची फाइल हाती आली म्हणजे तिच्यातील मजकुराकडे वळण्यापूर्वी, मजकुराच्या आधी लिहिलेली, छापील पानावर कधीही न दिसणारी, लेखकाने स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या आज्ञांची यादी वाचावयाची, अशी सवय मला जडली आहे. आमच्या धंद्यात या आज्ञांना मॅक्रो म्हणतात आणि ती यादी जेथे असते त्या भागाला प्रीअँबल म्हणतात. ग्रंथ केव्हा हातावेगळा होईल, प्रुफे किती वेळा फिरतील, आणि पुढे दुसऱ्या आवृत्तीचा प्रसंग आला तर ती फाइल उघडणाऱ्याला लेखकाविषयी कृतज्ञता वाटेल की त्याचा संताप होईल, याचा पुष्कळसा अंदाज त्या यादीतील नावांवरून बांधता येतो. आज्ञेचा अर्थ यंत्राला तिच्या व्याख्येवरून कळतो. परंतु तीनशेव्या पानावर ती आज्ञा वाचणाऱ्या माणसापुढे व्याख्या नसते, केवळ नाव असते, आणि म्हणून या नावांचा प्रश्न किरकोळ तांत्रिक तपशील म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही, असे माझे अनुभवांती मत बनले आहे.

ज्या भाषेविषयी मी लिहीत आहे ती टेक, आणि तिच्यावर उभारलेली लाटेक. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक डोनाल्ड क्नूथ यांना १९७७ साली आपल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफे पाहावयास मिळाली, तेव्हा शिशाच्या जुळणीच्या जागी आलेल्या फोटोटाइपसेटिंगने गणिती मजकुराची जी अवकळा केली होती ती पाहून ते इतके व्यथित झाले की, चालू लेखन बाजूस ठेवून त्यांनी अक्षरजुळणीची स्वतंत्र भाषाच निर्माण करावयास घेतली. तिचे पहिले रूप १९७८ साली तयार झाले, १९८२ साली तिची मुळापासून पुनर्रचना झाली, आणि १९८४ साली ‘द टेकबुक’ हा तिचा प्रमाणग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी सामान्य लेखकास झेपेल अशी लाटेक तिच्यावर रचली आणि १९८६ साली तिची ओळख करून देणारे पुस्तक बाहेर आले. या भाषेत लेखक साधा मजकूर लिहितो, आणि जेथे जुळणीविषयी काही सांगावयाचे असेल तेथे बॅकस्लॅश हे उलटे तिरपे चिन्ह देऊन त्यापुढे आज्ञेचे नाव लिहितो. आणि अंगभूत आज्ञा अपुऱ्या पडल्या तर नव्या आज्ञा करण्याची त्याला पूर्ण मुभा असते. या मुभेत टेकचे सारे सामर्थ्य आहे, आणि आमच्या मेजावर येणाऱ्या निम्म्या अडचणीही तिच्यातूनच उत्पन्न होतात.

नावाचे व्याकरण थोडक्यात सांगतो. टेकच्या दृष्टीने प्रत्येक चिन्ह शून्यापासून पंधरापर्यंतच्या सोळा वर्गांपैकी एकात मोडते. बॅकस्लॅश हा शून्य क्रमांकाच्या वर्गातला, वर्णमालेची अक्षरे अकराव्या वर्गातली, आणि आकडे व बहुतेक विरामचिन्हे बाराव्या वर्गातली. बॅकस्लॅशनंतर अकराव्या वर्गातील जितकी अक्षरे सलग येतील तितकी सर्व मिळून आज्ञेचे नाव होते. मात्र पहिलेच चिन्ह अन्य वर्गातले असेल तर ते एकटे चिन्ह हेच नाव ठरते आणि नाव तेथेच संपते. म्हणून नावात आकडा घालता येत नाही, आणि ‘पाठ१’, ‘पाठ२’ अशी नावे ठेवू पाहणारा लेखक पहिल्या दिवशीच अडखळतो. ही मनाई पुष्कळांना जाचक वाटते. मला ती हितावह वाटते, कारण दोन आज्ञांत भेद काय आहे याचा विचार करण्याचा कंटाळा आला म्हणजेच माणूस त्यांना क्रमांक देतो. अक्षरांच्या नावापुढची मोकळी जागा नाव संपल्याची खूण समजून टेक गिळून टाकते, एका चिन्हाच्या नावापुढची मात्र तशीच ठेवते, हा दुसरा नियम. त्याने किती शब्द एकमेकांस चिकटले असतील याची गणती नाही, परंतु तो एकदा अंगवळणी पडला म्हणजे त्याचा त्रास होत नाही.

खरा त्रास होतो तो आधीच व्यापलेल्या नावांचा. क्नूथ यांनी युरोपीय भाषांतील स्वरचिन्हांसाठी आणि विशेष अक्षरांसाठी एकेका अक्षराची नावे राखून ठेवली आहेत: ‘सी’ म्हणजे फ्रेंच अक्षराखालचा आकडीसारखा फाटा, ‘व्ही’ म्हणजे चेक भाषेतील अक्षरावरचे टोकदार चिन्ह, मोठ्या लिपीतला ‘एच’ म्हणजे हंगेरियन दीर्घ चिन्ह, मोठा ‘एल’ म्हणजे पोलिश भाषेतील छेद दिलेला एल, आणि ‘डी’ म्हणजे अक्षराखालचे टिंब. गणितज्ञाला मात्र नेमकी हीच अक्षरे हवी असतात. सदिशासाठी तो ‘व्ही’ घेतो, चतुष्टयी संख्यांसाठी मोठा ‘एच’ घेतो, आणि मग त्याच्या संदर्भसूचीत चेख आणि एर्डिश या थोर गणितज्ञांची नावे विद्रूप होऊन उतरतात. कारण चेख यांच्या नावाला ‘व्ही’ लागतो आणि एर्डिश यांच्या नावाला मोठा ‘एच’. हे दोष सूचीच्या शेवटच्या पानांवर, बारीक टाइपात असतात, आणि तेथवर पोहोचेतो वाचणाऱ्याची दृष्टी थकलेली असते.

यांपैकी ‘डी’चे प्रकरण आम्हा भारतीय ग्रंथांचे काम करणाऱ्यांना विशेष जवळचे आहे. रोमन लिपीत संस्कृत लिहिताना मूर्धन्य वर्णांखाली, विसर्गाखाली, ऋकाराखाली टिंब द्यावे लागते. ‘कृष्ण’ या एका नावात अशी तीन टिंबे येतात. माझ्याकडे एकदा केरळच्या गणितपरंपरेवरील एक प्रदीर्घ निबंध जुळणीस आला होता. माधवाच्या अनंत श्रेणी आजच्या कलनाच्या परिभाषेत मांडून दाखवणारा तो निबंध असल्यामुळे त्यात एकीकडे समाकलने होती आणि दुसरीकडे मूळ ग्रंथांतील संस्कृत संज्ञा रोमन लिपीत होत्या. विद्वान लेखकांनी विद्यार्थिदशेपासून ‘डी’ ही आज्ञा अवकलाच्या सरळ उभ्या डी-अक्षरासाठी बदलून घेतलेली होती, आणि शुद्ध गणिताच्या लेखांत तिच्यामुळे कधीच काही बिघडले नव्हते. या निबंधात मात्र टिंबाच्या जागी सर्वत्र एक ‘डी’ अक्षरच उमटले. ‘गणित’ या शब्दाचे ‘गद्नित’ झाले आणि ‘पाणिनि’चे ‘पाद्निनि’. यंत्राने चुकीची एकही सूचना दिली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालीच नव्हती. आमच्या वृद्ध मुद्रितशोधकांच्या नजरेस ती आली, आणि त्यांनी फोनवर लेखकांना फार आदराने विचारले, “सर, हे गद्नित कोणत्या ग्रंथातलं आहे? मला संदर्भ लावता येत नाही.”

दोष कळला तरी निवारण सोपे नव्हते, आणि या ठिकाणी वाचकांनी थोडे थांबावे अशी माझी विनंती आहे. सामान्यतः एखादे नाव गैरसोयीचे ठरले तर फाइलभर ते शोधून त्याच्या जागी दुसरे घालता येते, आणि हे काम यंत्र क्षणार्धात करते. परंतु एकाच नावाने लेखकाच्या मनातील दोन अर्थ वाहिले असतील, तर कोणता ‘डी’ अवकलाचा आणि कोणता टिंबाचा हे यंत्राला सांगता येत नाही. एकेक जागा माणसाने डोळ्यांनी पाहून ठरवावी लागते. त्या निबंधाची प्रत्येक ओळ आम्हांला तशी पाहावी लागली. दोन वस्तूंना एक नाव दिल्याचे नुकसान हे असे असते की, ते नाव पुढे मागे घेताही येत नाही. न्यायाने हेही नमूद केले पाहिजे की, हा मोह खुद्द लाटेकलाही आवरलेला नाही: तिच्या टॅबिंग या रचनेत दीर्घत्वाच्या आडव्या रेघेची आणि दोन आघातचिन्हांची नावे स्तंभ जुळवण्याच्या कामी घेतली गेली, आणि त्या रचनेपुरती ती चिन्हे वेगळ्या, लांब नावांनी लिहिण्याची तजवीज करावी लागली.

नवे नाव घेण्याचे दोन मार्ग आहेत, आणि त्यांतील भेद गावच्या जमिनीच्या व्यवहारासारखा आहे. टेकची मूळ आज्ञा ‘डेफ’ ही कोणास न विचारता नावाचा ताबा घेते; आधी तेथे कोण नांदत होते याची ती चौकशीही करीत नाही. लाटेकची ‘न्यूकमांड’ ही मात्र आधी दप्तर उघडून सातबारा पाहते, नाव रिकामे असेल तरच ते देते, आणि नसेल तर काम थांबवून स्पष्ट हरकत नोंदवते की, ही आज्ञा पूर्वीच अस्तित्वात आहे, अथवा नाव ‘एंड’ने सुरू होत असल्यामुळे ग्राह्य नाही, मार्गदर्शिकेचे पान १९२ पाहावे. ‘एंड’विषयीचा हा निर्बंध पुष्कळांना गूढ वाटतो, परंतु त्याचे कारण साधे आहे. लाटेकमधील प्रत्येक रचना, मग ती प्रमेयाची असो की अवतरणाची, आतून दोन आज्ञांची मिळून झालेली असते; रचनेचे जे नाव तेच पहिल्या आज्ञेचे, आणि त्याच्यापूर्वी ‘एंड’ लावून दुसरीचे. तेव्हा ‘एंड’ने सुरू होणारे नाव कोणी खाजगी कामासाठी घेतले, तर उद्या एखाद्या रचनेचा शेवटच त्याच्या हाती जाईल.

जाणूनबुजून जुने नाव बदलावयाचे असेल तर ‘रिन्यूकमांड’ आहे, आणि नाव रिकामे असेल तरच व्याख्या करावी, नसेल तर असलेली राहू द्यावी, अशा संकोची वृत्तीची ‘प्रोव्हाइडकमांड’ आहे. हे सारे हाताशी असताना निव्वळ सवयीने ‘डेफ’ लिहिणाऱ्या लेखकांविषयी मला खेद वाटतो. रेषीय बीजगणिताच्या एका पाठ्यपुस्तकात सदिशांच्या विस्तारासाठी ‘स्पॅन’ हे नाव असेच ‘डेफ’ने घेतलेले होते. ‘स्पॅन’ ही टेकची मूळ आज्ञा असून तक्त्यातील दोन-तीन स्तंभ एका मथळ्याखाली आणण्याचे काम लाटेक तिच्याच आधाराने करते. परिणामी बीजगणित निर्वेध छापले गेले आणि पुस्तकातील प्रत्येक जोडमथळ्याचा तक्ता कोसळला. तक्त्याचा दोष तक्त्यात शोधणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्याने त्या दिवशी जे कष्ट घेतले ते एका ‘न्यूकमांड’ने वाचले असते.

मोठ्या कारखान्यांनी आणि स्वतः लाटेकच्या व्यवस्थापकांनी या अनुभवातून जो धडा घेतला तो मालकीची खूण नावातच बाळगण्याचा. ‘ॲट’ हे चिन्ह सामान्यतः अक्षरांच्या वर्गात मोडत नाही. परंतु लाटेकच्या अंतर्गत फाइलींत ते तात्पुरते अक्षर मानले जाते, आणि त्यामुळे ज्यांच्या नावात ते चिन्ह आहे अशा आज्ञांना लेखकाचा सहजासहजी धक्का लागत नाही. पुढची पद्धत याहून काटेकोर आहे. तिच्यात प्रत्येक नावाच्या आरंभी ते ज्या विभागाचे असेल त्याचे उपपद येते, मग अधोरेषांनी जोडलेले वर्णन येते, आणि अखेर विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर त्या आज्ञेला कोणत्या प्रकारची किती पदे द्यावयाची याची सांकेतिक अक्षरे येतात. साठवणीच्या नावांच्या अग्रभागी तर ते मूल्य स्थानिक, सार्वत्रिक की अचल हेही एका अक्षराने कळवलेले असते. २०२० सालापासून ही पद्धत लाटेकच्या गाभ्यातच समाविष्ट झाली आहे, आणि कोणते उपपद कोणी घेतले याची एक जाहीर नोंदवहीही राखली जाते. अशी नावे लांब आणि रुक्ष असतात हे खरे. परंतु ज्या आज्ञा सहस्रावधी लोकांच्या फाइलींत एकमेकींशेजारी नांदावयाच्या आहेत त्यांना हा रुक्षपणा शोभतो. एकट्या लेखकाने एवढे अवडंबर माजवावे असे मी म्हणणार नाही. आपल्या ग्रंथाच्या नावाची दोन-तीन अक्षरे प्रत्येक आज्ञेपूर्वी लावली तरी त्याचे काम भागते.

आता यापुढचे जे सांगावयाचे आहे ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नाव रिकामे असणे ही पहिली अट झाली. ते अर्थाचे असावे, रूपाचे नसावे, ही दुसरी. लॅम्पोर्ट यांच्या लाटेकचा सारा आग्रह याच गोष्टीचा आहे की, लेखकाने मजकुराचा भाग कोणत्या जातीचा आहे ते सांगावे आणि तो कसा दिसावा हे अन्यत्र, एकाच ठिकाणी ठरवावे. तरीही लेखक पानाकडे पाहून नावे ठेवतात, कारण लिहिताना त्यांना डोळ्यांपुढे पान दिसत असते. एका मराठी समीक्षाग्रंथाच्या फाइलीत लेखकांनी ‘तिरपे’ या अर्थाची एकच आज्ञा करून ग्रंथांची नावे, संस्कृत वचने, आणि स्वतःला जोर द्यावयाचे शब्द, असे सर्व काही तिच्या हवाली केले होते. पहिली आवृत्ती त्यावर निभावली. दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकांनी निर्णय घेतला, आणि माझ्या मते तो सर्वथा योग्य होता, की देवनागरीला तिरपेपणा मुळात परका असल्यामुळे तो काढून टाकावा; ग्रंथनामे एकेरी अवतरणचिन्हांत यावीत, संस्कृत वचने निराळ्या टाइपात यावीत, आणि जोर ठळक अक्षरांनी दाखवावा. निर्णय एका वाक्याचा होता. तो अंमलात आणण्यासाठी संपूर्ण ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत पुन्हा वाचून, प्रत्येक ‘तिरपे’चा हेतू काय होता याचा निवाडा करावा लागला, आणि कित्येक ठिकाणी तो करण्याचा अधिकार आमचा नसल्यामुळे लेखकांना पुनःपुन्हा पत्रे पाठवावी लागली.

त्याच सुमारास दुसऱ्या एका लेखिकेचा ग्रंथ आमच्याकडे आला होता. बाईंनी ‘ग्रंथनाम’, ‘संस्कृत’ आणि ‘भर’ अशा तीन आज्ञा केल्या होत्या, आणि गमतीची गोष्ट ही की तिन्हींच्या व्याख्या अक्षरशः एकच होत्या. तिन्ही मजकूर तिरपाच करीत होत्या. वरवर पाहणाऱ्याला हा द्राविडी प्राणायाम वाटला असता. पण प्रकाशकांचा तोच निर्णय त्या ग्रंथाला लागू करताना आम्हांला फक्त तीन ओळी बदलाव्या लागल्या, आणि चहा येण्यापूर्वी काम झाले. बाईंशी पुढे बोलताना त्यांनी सांगितले की, पुस्तक लिहिताना त्यांनी छपाईचा विचार केलाच नव्हता. कोणता शब्द कोणत्या कारणासाठी वेगळा काढला हे स्वतःला विसरू नये एवढ्यासाठीच ती नावे ठेवली होती. लेखनाचीच शिस्त म्हणून ज्यांनी नावे ठेवली, त्यांची फाइल छपाईलाही अशी सुलभ ठरते, हे मी त्यानंतर अनेकदा पाहिले.

मराठी आज्ञानावांविषयीही लिहिले पाहिजे. फ्रान्स वेल्टहुइस यांनी १९९१ च्या सुमारास देवनागरीसाठी केलेली टेकची व्यवस्था वापरताना मराठी मजकूरसुद्धा रोमन अक्षरांत टंकित करावा लागे आणि आज्ञांची नावे अर्थातच रोमन असत. जोनाथन क्यू यांच्या झीटेकचा २००४ साली उदय झाल्यानंतर युनिकोड मजकूर थेट घेता येऊ लागला, आणि देवनागरी वर्ण व मात्राही अक्षरांच्या वर्गात येऊन मराठी नावे ठेवणे शक्य झाले. मराठी ग्रंथाच्या फाइलीत ‘ग्रंथनाम’ देवनागरीत लिहिलेले वाचताना जे समाधान होते ते मी लपवू इच्छीत नाही. कीबोर्ड बदलत बसावा लागत नाही हा लाभ निराळाच. परंतु येथे आपल्या लिपीची काही पथ्ये पाळावी लागतात. एका जुन्या पोथीच्या संपादनात दुसऱ्या लेखकूच्या हातचा भाग दाखवण्यासाठी ‘दुसऱ्याहाती’ अशी आज्ञा केलेली होती. त्यातील अर्धा र काही कीबोर्डांवर ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त देऊन उमटतो, तर काहींवर साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह घालून उमटतो, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ती दोन भिन्न नावे वाटतात. एका संपादकाने लिहिलेली आज्ञा दुसऱ्याच्या प्रकरणात चालेना, आणि पडद्यावर दोन्ही नावे शेजारी ठेवून पाहणाऱ्याला फरक म्हणून काही सापडेना. ऱ्हस्वदीर्घाचेही तसेच आहे: ‘तळटीप’ आणि ‘तळटिप’ यांतील एक शुद्ध आणि एक अशुद्ध हे आपल्यासाठी, यंत्रासाठी एक ज्ञात आणि एक अज्ञात. देवनागरी आकडेही रोमन आकड्यांप्रमाणेच नावात चालत नाहीत. म्हणून मराठी नावे अवश्य ठेवावीत, परंतु अर्धा र आणि अदृश्य जोडचिन्हे ज्यांत येतात असे शब्द टाळावेत, आणि जी फाइल परप्रांतातील जुळणीगृहाकडे जावयाची आहे तिच्यात रोमन नावेच ठेवावीत, असा नियम मी आमच्या कार्यालयात घालून दिला आहे.

टेकची भाषा क्नूथ यांनी जवळजवळ गोठवून ठेवली आहे; तिच्या आवृत्तीचा क्रमांक दर दुरुस्तीला पाय या संख्येच्या एकेका अंकाने जवळ सरकतो, आणि २०२१ सालच्या दुरुस्तीनंतर तो ३.१४१५९२६५३ असा झाला आहे. या स्थैर्यामुळे तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या फाइली आजही जुळतात, आणि त्यांच्यातील नावे, चांगली असोत की वाईट, त्यांच्याबरोबर जिवंत राहतात. तेव्हा जे मराठी लेखक, संशोधक आणि अध्यापक आपले ग्रंथ स्वतः या भाषेत लिहितात त्यांना माझी विनंती आहे की, हस्तलिखित पाठवण्यापूर्वी त्यांनी आपली आज्ञांची यादी एकवार सावकाश वाचावी. जिचा उपयोग उरला नाही ती आज्ञा काढून टाकावी, एका अक्षराची नावे ज्यांची त्यांना परत करावी, ‘डेफ’ असेल तेथे ‘न्यूकमांड’ लिहून यंत्र हरकत घेते का ते पाहावे, आणि प्रत्येक आज्ञेपुढे टक्क्याचे चिन्ह देऊन ती कशासाठी केली हे एका ओळीत मराठीत लिहून ठेवावे.